बंबामागची दुसरी फळी: साहाय्यक अग्निशमन दलाचा इतिहास आणि नाशिक

अग्निशमन दलाच्या मध्यम आकाराच्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी मावतं. आकडा मोठा वाटतो, पण आगीवर मारा करणाऱ्या मोठ्या होजमधून मिनिटाला साडेचारशे-पाचशे लिटर पाणी सुटतं. एक होज सलग चालवला तर टाकी नऊ-दहा मिनिटांत रिकामी होते, दोन चालवले तर पाच मिनिटांत. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या एखाद्या प्लास्टिकच्या किंवा फोमच्या गोदामाची आग एवढ्यात आटोक्यात येत नाही, ती रात्रभर धुमसते. त्या रात्रभर बंबापर्यंत पाणी पोचवत राहणं हे आग विझवण्याइतकंच मोठं काम असतं. ते करणारी माणसं दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या फोटोत दिसत नाहीत.

हवेचंही तसंच. धुरात शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवर सिलिंडर असतो. त्यात निव्वळ ऑक्सिजन नसतो, दाबाने भरलेली साधी हवा असते. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने हवा भरली की ती सुमारे १,८०० लिटर होते. जिने चढत, होज ओढत काम करणारा माणूस मिनिटाला चाळीस लिटर किंवा त्याहून जास्त हवा घेतो. परत बाहेर पडण्यासाठी थोडी हवा राखून ठेवावी लागते. म्हणजे प्रत्यक्ष कामाला जेमतेम अर्धा तास हाती राहतो. चार तासांच्या आगीत अशा किती सिलिंडरची ने-आण, भरणी आणि मोजदाद करावी लागत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

पाणी, हवा, बंबाचं डिझेल, रात्रीचे दिवे, जवानांचं पाणी-जेवण, बघ्यांची गर्दी, घर जळालेल्या कुटुंबांची सोय, हे सगळं सांभाळायला जगभर एक दुसरी फळी उभी केली जाते. अनेक ठिकाणी ती प्रशिक्षित स्वयंसेवकांची असते. आपल्याकडे तिला साहाय्यक अग्निशमन सेवा म्हणतात आणि ती नागरी संरक्षण दलाचा भाग असते. या फळीचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: युद्ध किंवा मोठी दुर्घटना डोक्यावर आली की ती घाईघाईने उभी राहते, आणि शांतता आली की आधी तिचाच खर्च कापला जातो. नाशिकला हा इतिहास आत्ता समजून घेण्याची गरज आहे, असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण पुढे येईलच.

सुरुवात लंडनपासून करू. १९३७ साली ब्रिटिश संसदेने हवाई हल्ल्यांपासून बचावाचा कायदा केला आणि १९३८ पासून तिथे साहाय्यक अग्निशमन दलाची भरती सुरू झाली. कारण सरळ होतं. शत्रूची, म्हणजे जर्मनीची विमानं जे आगलावे बॉम्ब टाकणार होती, ते जेमतेम किलोभर वजनाचे होते. एकेका विमानातून ते शेकड्यांनी पडणार होते. नेहमीच्या दलाची रचना एका वेळी शहरात दोन-चार आगी लागतील अशा हिशेबाने केलेली असते. एका रात्रीत शेकडो आगी लागल्या तर कितीही शूर दल अपुरंच पडणार. म्हणून कारकून, दुकानदार, टॅक्सीवाले, शिक्षक अशी माणसं भरती केली गेली. लंडनच्या टॅक्सी भाड्याने घेऊन त्यांच्यामागे ओढायचे पंप जोडले गेले. स्त्रिया टेलिफोनवर, नियंत्रण कक्षात आणि गाड्या चालवण्याच्या कामावर आल्या.

१९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं, पण जवळजवळ वर्षभर लंडनवर मोठा हल्ला झालाच नाही. त्या काळात या स्वयंसेवकांची हेटाळणी झाली. सैन्यात जायचं टाळण्यासाठी हे इथे बसून पगार खातात, असं लोक उघड बोलत. अनेक जण सोडूनही गेले. मग ७ सप्टेंबर १९४० रोजी हल्ले सुरू झाले आणि सलग ५७ रात्री बॉम्ब पडत राहिले. साहाय्यक दलातल्या बहुतेकांनी खरी मोठी आग पहिल्यांदा पाहिली ती त्या रात्री.

त्याच महिन्यातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. गिलियन टॅनर ही साहाय्यक दलातली तरुण मुलगी. एका रात्री लंडनच्या गोदी भागात सहा मोठ्या आगी लागल्या होत्या. वरून बॉम्ब पडत असताना तिने तीन तास ट्रक चालवला. ट्रकमध्ये कॅनमध्ये भरलेलं दीडशे गॅलन, म्हणजे जवळपास ६८० लिटर पेट्रोल होतं. एका आगीकडून दुसऱ्या आगीकडे जात ती पंपांमध्ये इंधन भरत राहिली, कारण इंधन संपलं की पंप बंद आणि पंप बंद की पाणी बंद. तिला जॉर्ज पदक मिळालं. त्या रात्री तिच्या हातात होज नव्हता. आग विझवण्यात या फळीचा वाटा किती असतो, हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

२९ डिसेंबर १९४० च्या रात्रीने दुसरा धडा दिला. बॉम्बमुळे पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटल्या, आणि नेमकी त्याच वेळी ओहोटी असल्याने थेम्स नदीचं पाणी खूप खाली गेलेलं. शहरातून नदी वाहत असून पंप चिखलात अडकले. त्यानंतर लंडनच्या रस्त्यांवर लोखंडी टाक्या आल्या, पडक्या इमारतींची तळघरं पाण्याने भरून ठेवली गेली. इमारतींवर रात्री पहारा देऊन पडलेला आगलावा बॉम्ब लगेच वाळूने दाबणं, हे काम सक्तीचं झालं.

तिसरा धडा दिसायला अगदी साधा आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा दीड हजारांहून जास्त लहान-मोठी अग्निशमन दलं होती आणि अनेकांच्या होजचे जोड एकमेकांत बसतच नव्हते. शेजारच्या गावचा बंब मदतीला यायचा आणि त्याचा पाइप जोडला जात नसल्याने नुसता उभा राहायचा. ऑगस्ट १९४१ मध्ये सगळी दलं एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन सेवा केली गेली. साहित्य, हुद्दे, आज्ञा सगळं एकसारखं झालं. आज भारतात ६३ मिलिमीटरचा, खटकन बसणारा जोड प्रमाण मानला जातो, तो याच ब्रिटिश परंपरेतून आला आहे. महापालिकेचा, एमआयडीसीचा आणि एखाद्या कारखान्याचा होज एकमेकांना जोडता यावा, यासाठीच ही प्रमाणं असतात.

युद्ध संपलं. १९४८ मध्ये दलं पुन्हा स्थानिक संस्थांकडे गेली. लगेचच अणुयुद्धाची भीती आली आणि साहाय्यक दल पुन्हा उभं केलं गेलं. त्यासाठी हिरव्या रंगाचे खास बंब बांधले, ते ‘ग्रीन गॉडेस’ म्हणून ओळखले जातात. १९६८ मध्ये खर्च वाचवण्यासाठी दल पुन्हा मोडलं. बंब तेवढे गोदामात जपून ठेवले. १९७७ मध्ये अग्निशमन कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा तेच बंब बाहेर काढावे लागले. गाड्या होत्या, पण त्या चालवायला शिकवलेले स्वयंसेवक नव्हते, म्हणून सैनिकांना बसवलं गेलं.

आपल्याकडची गोष्ट याला समांतर चालते. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानं विशाखापट्टणम आणि कोलकात्यापर्यंत आली, तेव्हा मुंबईतही हवाई हल्ल्यापासून बचावाची पथकं होती. पण मुंबईवर जे संकट आलं ते आकाशातून आलं नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी. दुपारी कापसाला आग लागली. दल आलं, पाणी मारत राहिलं, आणि चारनंतर जहाजाचा स्फोट झाला. थोड्या वेळाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. एकूण मृतांचा आकडा आठशेच्या वर आहे. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

या घटनेचा एक भाग कमी सांगितला जातो. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले, पण गोदी पुन्हा चालू करायला सुमारे आठ हजार माणसं सात महिने राबत होती. पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा उपसावा लागला. बेघर झालेल्यांची व्यवस्था, मृतदेहांची ओळख, वाचलेल्या मालाची राखण, हे सगळं आग विझल्यावर सुरू झालं. नागरी संरक्षणाच्या रचनेत पुढे ‘सॅल्व्हेज’ (माल वाचवणं), ‘वेल्फेअर’ (आपद्ग्रस्तांची सोय) आणि मृतदेह विल्हेवाट अशा वेगळ्या सेवा का ठेवल्या असतील, हे मुंबईचे ते सात महिने डोळ्यांपुढे आणले की कळतं.

६ डिसेंबर १९४६ रोजी तेव्हाच्या मुंबई प्रांतात मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने होमगार्ड दल स्थापन झालं. ते मुळात दंगलींच्या काळात पोलिसांच्या मदतीसाठी होतं. १९५६ मध्ये रामपूरला अग्निशमन महाविद्यालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते नागपूरला आलं. आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही १९५७ मध्ये नागपुरातच निघाली. तीच आजचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय. देशातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांची आणि नागरी संरक्षण प्रशिक्षकांची शाळा अशी आपल्याच राज्यात एका शहरात आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

१९६२ चं चीन युद्ध, १९६५ चं पाकिस्तान युद्ध आणि त्यानंतर १९६८ चा नागरी संरक्षण कायदा. या कायद्याखालच्या रचनेत ठरलं की थोडे पगारी कर्मचारी कायम ठेवायचे आणि गरजेच्या वेळी हजारो स्वयंसेवकांनी ते दल फुगवायचं. भरतीची अट फार कडक नाही: वय अठरा पूर्ण आणि शिक्षण किमान चौथी पास. दलाच्या बारा सेवा ठरल्या. त्यातली एक अग्निशमनाची, बाकीच्या दळणवळण, वॉर्डन, बचाव, जखमींची सेवा, वाहतूक, पुरवठा वगैरे. नीट पाहिलं तर एकीला आग विझवायची आहे आणि बाकीच्या बहुतेक तिला उभं राहायला मदत करणाऱ्या आहेत.

गल्लीच्या पातळीवर त्यात ‘हाउस फायर पार्टी’ असते. तीन-चार शेजारी, एक स्टिरप पंप, काही बादल्या. स्टिरप पंप म्हणजे बादलीत उभा करून पायाने घट्ट धरायचा आणि हाताने चालवायचा छोटा पंप. एकाने पंप मारायचा, एकाने नळी धरायची, एकाने पाणी आणायचं. बंब येईपर्यंत आग खोलीच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. साहाय्यक अग्निशमन सेवेचे स्वयंसेवक त्याच्या पुढच्या पायरीवर. ते मुख्य दलाच्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली, त्यांच्या बरोबर काम करतात. स्वतंत्रपणे काही ठरवत नाहीत. ही शिस्त नसेल तर मदतीला आलेला माणूसच अडचण होतो.

१९७१ च्या डिसेंबरात ब्लॅकआउट आणि खिडक्यांना काळे कागद लावल्याच्या आठवणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकल्या असतील. त्यानंतर मात्र आठवण पुसट होत गेली. २००९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन युद्धाबरोबर नैसर्गिक आणि मानवनिर्मित आपत्तीही नागरी संरक्षणाच्या कामात आल्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना आणली आणि नंतर ती ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवायचं ठरवलं. आणि मग ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत नाशिक, सिन्नर आणि मनमाड ही तीन नावं आपल्या एकाच जिल्ह्यातली होती.

हे उगाच नाही. नाशिकरोडला नोटा आणि सरकारी मुद्रांक छापणारे कारखाने आहेत, देवळालीला तोफखान्याचं केंद्र, ओझरला विमानांचा कारखाना, एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र. मनमाडजवळ पानेवाडीला इंधन कंपन्यांची मोठी साठवण आहे. युद्धाच्या हिशेबाने जी ठिकाणं जपायची, तीच शांततेच्या काळात आगीच्या दृष्टीनेही अवघड असतात.

इथल्या लोकांना आग नवी नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर स्लीपर बस पेटली आणि बारा प्रवासी गेले. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरीजवळ मुंढेगावच्या कारखान्यात भीषण आग लागली. मे २०२५ मध्ये त्याच परिसरातली आग काही दिवस विझत नव्हती. अशा आगीला नाशिक महापालिकेचे बंब जातात, कारखान्यांचे जातात, शेजारच्या जिल्ह्यांतून मागवले जातात. उद्योगांनी एकमेकांना मदत करण्याचे गट केलेले असतात, तेही येतात. दोन दिवस चालणाऱ्या अशा कामात थकलेली माणसं बदलायची कोणी आणि त्यांना बसवायचं कुठे?

याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जातं. जाड संरक्षक पोशाख उष्णता बाहेरून आत येऊ देत नाही, तशी शरीराची उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. घामाने पाणी कमी होतं, रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो. अमेरिकेत ड्युटीवर मरण पावणाऱ्या अग्निशामकांपैकी अनेक वर्षं सुमारे निम्मे हृदयविकाराने गेले आहेत. ज्वाळांनी मरण पावणारे त्यापेक्षा कमी. म्हणून तिथे आगीच्या जागेपासून थोडं लांब विश्रांतीची जागा उभारतात. दोन सिलिंडर वापरून झाले की जवानाने बाहेर यायचं, पोशाख उतरवायचा, पाणी प्यायचं, हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून बसायचं. नाडी आणि रक्तदाब तपासून ठीक असेल तरच परत आत. अमेरिकेतल्या अनेक शहरांत हे काम स्वयंसेवकांच्या संघटना पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. ‘सेकंड अलार्म’, म्हणजे आग मोठी असल्याचा दुसरा इशारा झाला, की त्यांची गाडी चहा, सूप, घोंगड्या, दिवे घेऊन निघते. मुंबईत आगीला लेव्हल दोन, लेव्हल तीन असे दर्जे देतात, तसाच हा प्रकार. जर्मनीत तर अग्निशमनाचं बहुतांश कामच गावोगावचे स्वयंसेवक करतात.

आता सिंहस्थ. २००३ च्या कुंभात २७ ऑगस्टला झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, ते नाशिक विसरलेलं नाही. २०१५ ला गर्दीचं नियोजन बरंच सुधारलं. २०२७ च्या पावसाळ्यात पुन्हा शाहीस्नानं आहेत आणि तपोवनात साधुग्राम उभं राहील. कापडी मंडप, बांबू, तात्पुरती वायरिंग, भंडाऱ्याच्या भट्ट्या आणि प्रत्येकी १४.२ किलो गॅसचे घरगुती सिलिंडर एकमेकांना लागून. १९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजच्या महाकुंभात सेक्टर १९ मध्ये नेमकं हेच पेटलं. सिलिंडर फुटत गेले, तंबू जळाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

कापडी मंडप काही मिनिटांत जळून जातो. गर्दीतून बंब तेवढ्यात पोचेल ही अपेक्षाच चुकीची आहे. जुन्या नाशिकचंही तेच. दहीपूल, भांडी बाजार, काझीच्या गढीचा परिसर, लाकडी खणांचे वाडे आणि दुचाकी लावली की माणूस जेमतेम जाईल अशा गल्ल्या. शिंगाडा तलावाच्या मुख्यालयातून बंब अंतराने जवळ आहे, पण शेवटचे शंभर मीटर होज हातानेच ओढत न्यावा लागतो. इथे पहिली पाच मिनिटं गल्लीतल्या माणसांचीच असणार. ती माणसं शिकलेली असली तर सिलिंडर बाहेर निघेल, मेन स्विच बंद होईल, वरच्या मजल्यावरच्या आजी खाली येतील आणि बंबाच्या वाटेतल्या गाड्या हललेल्या असतील.

माझ्या मते नाशिकने सिंहस्थासाठी स्वयंसेवक गोळा करताना आगीसाठी वेगळं पथक करावं, आणि मेळा संपल्यावर ते मोडू नये. ब्रिटनने साहाय्यक दल मोडलं, आणि १९७७ मध्ये गरज पडली तेव्हा बंब होते, पण शिकवलेली माणसं नव्हती. आपल्याकडे रामकुंडावर पट्टीचे पोहणारे आहेत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठल्या भागापर्यंत पाणी चढलं यावरून पुराचा अंदाज बांधणारे जुने पंचवटीकर आहेत. ही माहिती कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जुनी आहे. आगीसाठीही असे लोक असतात: पाण्याचे टँकर चालवणारे, इलेक्ट्रिशियन, मंडपवाले, केटरर, परिचारिका, हौशी रेडिओ चालवणारे. प्रत्येकाने आपल्या धंद्यातलंच काम करायचं आहे, फक्त कुणाच्या हुकमाने आणि कुठे उभं राहून, एवढं शिकायचं आहे. टँकरवाल्याला कुठल्या विहिरीवर, कुठल्या हायड्रंटवर (आगीसाठीच्या नळावर) गाडी भरायची हे आधी माहीत असलं तर रात्री दोन वाजता शोधाशोध होत नाही.

नाव नोंदवायचं असेल त्यांनी जिल्ह्याच्या नागरी संरक्षण कार्यालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करावी. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं होतात. आपल्या जवळच्या केंद्रावर जाऊन दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: आमच्या गल्लीत तुमची कुठली गाडी कुठपर्यंत येऊ शकते, आणि तिथे पाणी कुठून घ्याल? सोसायटीत राहणाऱ्यांनी तिसरी गोष्ट आपल्या अध्यक्षांना विचारावी. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ते ‘बी फॉर्म’ म्हणून ओळखलं जातं. आपल्या इमारतीचं शेवटचं प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचं आहे, आणि ते देण्यापूर्वी जिन्यातला होज कुणी उलगडून पाहिला होता का, हे त्यांच्याकडून समजून घ्यावं.